काम ओळखा, माणूस ओळखा, मग वाटणी करा

(किनवट येथे झालेल्या गटांच्या मेळाव्यात डाळ तयार करणाऱ्या एका गटाच्या ताईंनी केलेलं हे भाषण. त्या बोलल्या तसंच, थोडं आवरून, इथं देत आहोत.)



मला निरोप आला की ताई, तुमचा गट डाळीचा धंदा करतो, तर गटात कामाची वाटणी कशी करायची यावर बोला. मी म्हणलं, बोलते, पण आधी आमचं कुठं चुकलं ते सांगीन. कारण शहाणपण आम्हाला मागून आलं, आधी नुकसान आलं.

आमचा गट बारा बायांचा. बचत चालू, बैठक चालू, परतफेड चालू. पंचसूत्रीत आमचा गट कधी मागं नव्हता. मग ठरलं की नुसती बचत किती दिवस करायची? तूर आपल्या शेतात पिकते, व्यापारी ती नेतो आणि तिचीच डाळ आपण दुकानातून दुप्पट भावानं आणतो. तर डाळ आपणच करू. ग्रामसंघाकडून कर्ज घेतलं, मिनी डाळ मिल आणली. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं जी छोटी मिल काढली, पीकेव्ही मिनी डाळ मिल म्हणतात, त्या पद्धतीची.

पहिली मोठी ऑर्डर आली गुढीपाडव्याच्या आधी. एका दुकानदाराला किलो-किलोची दोनशे पाकिटं पाहिजे होती. आम्ही तीन क्विंटल तूर घेतली आणि बैठकीत कामं वाटली. वाटली कोणी? मी. मी तेव्हा गटाची अध्यक्ष. अन् कशी वाटली, ते ऐका.

आमच्यात एक आजी आहेत, साठीच्या पुढच्या. मी म्हणलं, आजीला उन्हात कशाला उभं करायचं, त्यांना वजनकाट्यावर बसवू, बसून काम होईल. एक सून आहे, अंगावर पितं लेकरू. ती म्हणाली, "ताई, माझं घर खळ्याला लागूनच हाय." मी म्हणलं, मग वाळवण तूच बघ. एक ताई बारावी झालेली, ती माझ्या बाजूला बसली होती, तिला म्हणलं, तू निवडायला बस. माझी जाऊ गटात आहे. तिला पैसे सांभाळायला दिले. का? तर जाऊ आहे म्हणून. दुसरं कारण नाही. पाच मिनिटांत वाटणी झाली. सगळ्या खूश, मी पण खूश.

आता डाळ करणं म्हणजे काय, ते ज्यांनी मिलमध्ये केलं नसेल त्यांना सांगते. तूर आधी चाळायची, खडा-माती काढायची. मग मिलमधून एक हात फिरवून दाण्याला ओरखडे पाडायचे. मग तेलाचा हात लावून ठेवायची, वाळवायची, पाणी मारून ढीग करून मुरवायची, परत वाळवायची. मग भरडायची. टरफल, चुनी, डाळ वेगळी करायची. जो गोटा फुटला नाही तो परत मिलमध्ये टाकायचा. यात जीव आहे तो वाळवणात. दाणा ओला राहिला तर टरफल सुटत नाही, अन् तशीच डाळ पाकिटात भरली तर आठ दिवसांत कुबट वास मारते.

तसंच झालं. लेकरू रडलं की ती सून घरात पळायची. वाळवण कधी हलवलं गेलं, कधी नाही. वरचा थर कडक, खालचा ओला. आजी काट्यावर बसल्या, पण त्यांना आकडा वाचता येत नाही. पातेलं ठेवून काटा शून्यावर आणायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कुठं पाकीट साडेनऊशे ग्रॅम, कुठं हजाराच्या वर. आणि बारावी झालेली ताई खाली मान घालून खडे निवडत होती.

पाडवा झाला अन् दुकानदारानं निम्म्याहून जास्त पाकिटं परत पाठवली. वास येतो म्हणला, वजनही कमी भरतं म्हणला. त्याचं काही चुकलं नव्हतं. कर्जाचा हप्ता आम्हाला बचतीतून भरावा लागला.

पण बायांनो, पैशाचं नुकसान परवडलं. दुसरं नुकसान मोठं झालं. बैठकीत सगळ्या त्या सुनेवर तुटून पडल्या. "तुझ्यामुळं झालं. जमत नव्हतं तर घ्यायचं कशाला?" ती काही बोलली नाही. लेकराला उचललं अन् गेली. पुढच्या दोन बैठकांना आली नाही. तिच्या सासूनं निरोप पाठवला, तिचं नाव कमी करा.

त्या रात्री मला झोप नाही. कारण आठवलं, वाटणीच्या दिवशी ती म्हणाली होती, "घर लागूनच हाय." "मला जमेल" असं ती म्हणालीच नव्हती. मी ऐकलं ते माझ्या सोयीचं. चूक तिच्या हाताची नव्हती, चूक माझ्या वाटणीची होती.

मग आम्ही शोधायला लागलो की दुसऱ्या बाया हे कसं करतात. एका प्रशिक्षणात आम्हाला लिज्जत पापडाची गोष्ट नीट सांगितली. नाव तुम्ही ऐकलंच असेल. 15 मार्च 1959 ला मुंबईत गिरगावच्या लोहाणा निवासच्या गच्चीवर सात बायांनी पापड लाटायला सुरुवात केली. भांडवल 80 रुपये, तेही उसने. जसवंतीबेन पोपट त्या सातांपैकी एक. त्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. आज त्या संस्थेत सुमारे 45 हजार बाया आहेत.

मला त्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांची वाटणी आवडली. पीठ मळायचं काम केंद्रावर, पहाटे. ठरलेल्या बाया मळतात, म्हणजे चव आणि मीठ सगळीकडं एकसारखं. लाटायचं काम घरी. सकाळी बाई येते, काल लाटलेले पापड देते, आज मळलेलं पीठ घेऊन जाते. आलेले पापड तपासणारी वेगळी, वजन करणारी वेगळी, पाकीट भरणारी वेगळी. जितके किलो लाटले तितकी वणाई म्हणजे मजुरी.

आणि यातली खरी गोष्ट पुढं आहे. लाटायला पीठ द्यायच्या आधी ते बघतात की बाईच्या घरी पापड वाळवायला स्वच्छ जागा आहे का. मुंबईतली घरं तुम्हाला माहीत आहेत, एका खोलीत सहा माणसं. मग जिच्या घरी जागा नाही तिला काय, "तू नको" म्हणतात? नाही. तिला मळायचं, भरायचं किंवा तपासायचं काम घेता येतं. बाईला काढलं नाही, तिचं काम बदललं. हे ऐकलं अन् मला आमची ती सून आठवली. आम्ही काम बदललं नाही, बाईच घालवून बसलो होतो.

आणखी एक. त्या बायांचं पण पहिल्याच वर्षी अडलं होतं. पावसाळ्यात पापड वाळेनात, चार महिने काम बंद पडलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि स्टोव्ह आणला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. "पापड वाळले नाहीत, कुणामुळं?" असं भांडत बसल्या असत्या तर आज लिज्जत नसतं. अडतंय कुठं ते त्यांनी बघितलं.

मग आम्ही घरी येऊन परत पहिल्यापासून सुरू केलं. आधी मी आणि दोघी जणी त्या सुनेच्या घरी गेलो. सासूसमोर मी म्हणलं, "माय, चूक माझी होती, तिची नव्हती." मग ती आली. हे आधी करा बायांनो. ज्या गटात माफी मागता येत नाही तिथं वाटणी सुधारत नाही.

आता पद्धत सांगते, चार पायऱ्यांत.

पहिली पायरी, कामाचे तुकडे पाडा. "डाळ करायची" हे काही एक काम नाही. आम्ही एका मोठ्या पुठ्ठ्यावर सगळं मांडलं. तूर खरेदी, चाळणं, तेल लावणं, वाळवणं, भरडणं, पाखडणं, वजन, पाकीट, लेबल, पोहोचवणं, उधारी वसुली, हिशेब. बारा कामं निघाली. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढली. सूप, काटा, मिल, पिशवी. पुठ्ठा खोलीत टांगला. तुमचा धंदा शेवया-कुरडयांचा असो, मसाल्याचा असो की शाळेच्या पोषण आहाराचा, तुकडे पाडल्याशिवाय कळत नाही की कशात काय लागतं.

दुसरी पायरी, प्रत्येक कामाला काय लागतं ते बोला. कशाला ताकद लागते, कशाला नजर लागते, कशाला अक्षर-आकडा लागतो, कशाला बोलणं लागतं. आणि बायांसाठी सगळ्यात महत्त्वाचं, कोणतं काम सलग आहे आणि कोणतं तुटक. वाळवण हे सलग काम आहे, तिथून हलता येत नाही. खडे निवडणं तुटक आहे. लेकराला पाजून आलं तरी चालतं, घरी नेलं तरी चालतं. आम्ही हाच फरक केला नव्हता.

तिसरी पायरी, बाईला विचारा. तिच्या मागं नाही, तिच्या तोंडावर, आणि घाईत नाही. हाताला काय येतं? वेळ कधी आहे? तब्येत कशी आहे? मनातून काय करावंसं वाटतं?

आम्ही विचारलं तर काय काय निघालं! चौघी जणी मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात जातात, दहा वाजेपर्यंत येत नाहीत. मी त्यांना सकाळचं काम देऊन वर उशिरा येतात म्हणून नावं ठेवत होते. त्या दुपारच्या मिलवर गेल्या, वाद संपला. एकीला दमा आहे, भुशाजवळ बसवलं की रात्रभर खोकते. दोन वर्षं गटात आहे, पण बोलली नव्हती. तिला लेबलावर घेतलं. एकीचे गुडघे धरतात, तिला खाली बसून निवडणं नको, टेबलावर उभं राहून पाकिटं भरणं चालतं. एकीचं माहेर आदिलाबादकडचं, तेलुगू फाडफाड बोलते. आमच्या किनवटची गाडी रोज आदिलाबादला जाते, बाजार जवळ आहे, पण आम्ही तिकडं कधी गेलोच नव्हतो, कारण भाव करायला तोंड नव्हतं. तोंड आमच्याच गटात होतं, खडे निवडत बसलं होतं.

आणि आजी! आजींना विचारलं, तुम्हाला काय येतं? म्हणाल्या, "मला काय येतंय बाई, मी अडाणी." मग एकीनं वाळवणातला दाणा त्यांच्या हातावर ठेवला. आजींनी तो दाताखाली धरला अन् म्हणाल्या, "ओला हाय. कट्ट वाजाय पायजे. चपटा झाला तर अजून एक ऊन द्या." चाळीस वर्षं बियाणं राखलेला दात तो. अशी बाई आम्ही काट्यावर बसवली होती, जिथं तिला आकडा दिसत नव्हता. आज आमच्या गटात आजींनी दाणा चावून "व्हय" म्हटल्याशिवाय मिल चालू होत नाही. उन्हात उभं राहायचं काम दुसऱ्या करतात, आजी सावलीत बसतात अन् थराथरातला दाणा चावून बघतात.

चौथी पायरी, प्रत्येक कामाला दोन हात ठेवा. एक मुख्य, एक जोडीदार. आपल्या बायांचं सांगता येतं का? कुणाचं बाळंतपण, कुणाच्या घरी मौत, कुणाला कापूस वेचणीला जावं लागतं. एकीलाच येत असेल तर ती आजारी पडली की धंदा आजारी पडतो. मुंबईचे डबेवाले आठवा. बहुतेक पुणे जिल्ह्यातल्या मावळ-खेड-जुन्नर भागातली माणसं, 1890 पासून हे काम करतात. एक डबा घरातून घेतो, दुसरे स्टेशनवर वाटण्या करतात, कुणी लोकलमधून नेतो, कुणी कचेरीत पोहोचवतो. पत्ता कागदावर नसतो, डब्याच्या झाकणावर रंग आणि खुणा असतात, म्हणजे कमी शिकलेल्यालाही चुकायचं कारण नाही. आणि त्यांच्या प्रत्येक टोळीत दोन-तीन माणसं जादा असतात, ज्यांना सगळी कामं येतात. एक जण आला नाही की तिथं हा उभा. आपल्याला जादा माणसं ठेवणं परवडणार नाही, पण जोडीदार शिकवून ठेवणं परवडतं.

आता दोन गोष्टी जरा कडू आहेत, पण बोलते.

पहिली गोष्ट पैशाची. कामं वेगळी तर मोबदला कसा? आम्ही काम सुरू व्हायच्या आधी दर ठरवतो आणि पुठ्ठ्यावरच लिहितो. निवडणं किलोवर, मिल आणि वाळवण दिवसावर, नफा शेवटी सगळ्यांना सारखा. नंतर ठरवलं की भांडण ठरलेलंच. आणि पैसे सांभाळणारी, हिशेब लिहिणारी आणि खरेदी करणारी, या तिघी वेगळ्या ठेवतो. माझ्या जावेनं एक रुपया खाल्ला नव्हता. तरी लोक कुजबुजत होते, कारण पावती तीच घ्यायची, पैसे तीच द्यायची, वहीत तीच लिहायची. आता तिला पण मोकळं वाटतं. हे अविश्वासासाठी नाही, आपल्याच बाईवर आळ येऊ नये म्हणून आहे.

दुसरी गोष्ट. "जिला जे जमतं तिला ते द्या" हे वाक्य चांगलं आहे, पण त्याचा गैरवापर फार जुना आहे. आपल्या गावात कामं वाटलेलीच होती ना? कोणी झाडायचं, कोणी पाणी भरायचं, कोणी वही धरायची, जन्मावरूनच ठरलेलं. बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या परिषदेसाठी भाषण लिहिलं. ते होऊ दिलं नाही, मग त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात त्यांनी हेच सांगितलं, की जातीनं नुसती कामं वाटली नाहीत, माणसंच वेगळी करून एकावर एक रचली. आणि त्यात ना माणसाची कुवत बघितली, ना आवड. म्हणून आपल्या गटात बघा, झाडलोट कोण करतं? नेहमी तीच दोन घरं करतात का? चहाची भांडी नेहमी तांड्यावरचीच बाई धुते का? बँकेत जायची वेळ आली की नेहमी त्याच दोघी का पुढं? "तिला सवय हाय" असं म्हणू नका. सवय आपण लावली. आमच्याकडं झाडलोट आणि भांडी पाळीनं आहेत, अध्यक्षापासून सगळ्यांना. ज्या कामाला कसब लागतं ते कसबावरून द्यावं. ज्याला कसब लागत नाही, ते पाळीनं करावं. आणि गटाची पदं ठरलेल्या मुदतीत बदलावी. मी आता अध्यक्ष नाही. पहिले दोन महिने हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. आता बरं वाटतं.

आणि आज जी बाई ज्या कामाला आहे ती कायमची तिथंच नसावी. शिकायची वाट उघडी पाहिजे. आम्ही दर तीन महिन्यांनी पुठ्ठ्यासमोर बसतो आणि विचारतो, कुणाला काम बदलायचंय? कुणाला नवीन शिकायचंय? "मला हे जमत नाही" असं म्हणणाऱ्या बाईला आम्ही टाळ्या वाजवतो. हसू नका, खरंच वाजवतो. कारण ती वेळेवर बोलली नसती तर पाकिटं परत आली असती.

तुम्ही विचाराल, त्या सुनेचं काय झालं. ती दहावी शिकलेली आहे, हे आम्हाला माहीतच नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली, कोणी विचारलं नव्हतं. ती आता वजनकाट्यावर आहे. काटा सावलीत आहे, लेकरू मागं झोळीत. दर दहा पाकिटांनंतर एक परत मोजते, वहीत टीप करते. त्या वर्षापासून वजनाची एकही तक्रार नाही. आणि तिची जोडीदार कोण? आजी. आजी तिला दाणा चावायला शिकवतात, ती आजींना आकडे शिकवते. आजींना सगळे आकडे अजून येत नाहीत, पण एक किलोचा आकडा काट्यावर कसा दिसतो ते त्या चित्रासारखं ओळखतात. परवा म्हणाल्या, "तीन शून्यं नीट दिसत नसली तर पाकीट परत वत."

माझ्या भाषणातून एकच गोष्ट घेऊन जा. पुढच्या बैठकीत बचत झाली, परतफेड झाली, की उठू नका. एक पुठ्ठा घ्या, तुमच्या धंद्याचे तुकडे मांडा आणि गटातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या बाईपासून सुरुवात करा. तिला विचारा, "ताई, तुम्हाला काय येतं?" ती म्हणेल, "मला काही येत नाही." तिथं थांबू नका. तिच्या हातात दाणा द्या.